किल्लीच्या छल्ल्यातला उजेड

आजचा विषय हाताच्या बोटाएवढा आहे. किल्लीला अडकवायची छोटी बॅटरी, म्हणजे टॉर्च. आपल्याकडं टॉर्चला कुणी टॉर्च म्हणत नाही, 'बॅटरी मार की जरा' असंच म्हणतात, म्हणून आम्हीही आज बॅटरीच म्हणणार आहोत. दुकानात आता ती ढिगानं मिळते. कुठली घ्यावी, कुठली टिकते, कुठली चार दिवसांत मिटते, हे आपण बघूच. पण त्याआधी थोडं मागं जाऊ या. ही एवढीशी वस्तू आपल्या कमरेशी येईपर्यंत फार मोठा काळ गेलाय. आणि त्या काळात घराबाहेरचा उजेड कुणाच्या हातात होता, हे कळलं की निवड कशी करायची हेही आपोआप कळतं.

घरातला दिवा बाईचाच. समई घासायची कुणी? बाईनं. वाती वळायच्या कुणी? बाईनं. तेल घालायचं, काजळी झाडायची, तिन्हीसांजेला तुळशीपुढं पणती ठेवायची, लहानग्यांना हात जोडायला लावायचे, सगळं आपणच. समई, निरांजन, लामणदिवा, पणती ही सगळी नावं घरातली आहेत. यातला एकही दिवा घेऊन तुम्ही पावसाळ्यात गोठ्यापर्यंत जाऊन दाखवा. दारातून पाय बाहेर पडला की वारा त्याला विझवतो.

बाहेरचा उजेड वेगळा होता. त्याची नावंही वेगळी. मशाल, टेंभा, पलिता, दिवटी. आपल्या घाटातल्या लोकांची चूड. वाळलेल्या काटक्यांची, गवताची, कारवीची मूठभर जुडी बांधायची, एक टोक पेटवायचं आणि हलवत हलवत चालायचं. चूड लवकर जळून जाते, म्हणून लांब जायचं तर काखेत दुसरी जुडी घ्यायची. पावसात तिचा काही उपयोग नाही. आणि जळती चूड हातात असली की दुसऱ्या हातात पोर घ्यायलाही जीव धजत नाही.

दिवटीचं तंत्र आणखी खर्चाचं. चिंध्यांचा पीळ, त्यावर तेलाची धार, आणि ती धार घालायला जवळ तेलाचा बुधला. सरदार-दरकदारांकडं यासाठी वेगळा माणूस असे. त्याला दिवट्या किंवा मशालजी म्हणत. दिवटे हे आडनाव आजही आपल्या आसपास आहे. गावगाड्यात अनेक ठिकाणी न्हाव्याकडं हजामतीबरोबर मशाल धरायचंही काम असे. लग्नाची वरात असो की रात्रीचा सरकारी पाहुणा, मशाल त्यानं धरायची. म्हणजे बघा, ज्याच्यासाठी उजेड होता त्याचे हात मोकळे, आणि ज्याच्या हातात उजेड होता तो दुसऱ्याला वाट दाखवत चाललेला. बाईचं नाव या दोन्ही ठिकाणी नाही. ती घरात. रात्री बाहेर पडायचं तर कुणाच्या तरी उजेडाच्या मागून.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आलं आणि हा सगळा हिशेब बदलला. तोवर करंजाचं, करडईचं तेल दिव्यात जाळायचं म्हणजे पोटातलं किंवा विकायचं तेल जाळणं. रॉकेल त्या मानानं स्वस्त पडलं. त्याची चिमणी कुणालाही बनवता आली. पत्र्याचा डबा, झाकणाला भोक, त्यात वात. चिमणीनं घरं उजळली, पण भिंती काळ्या केल्या, सकाळी नाकातून काजळी काढायला लावली, आणि चिमणी कलंडून किती पदर पेटले त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

बाहेर न्यायचा खरा दिवा म्हणजे कंदील. त्याला वादळी कंदीलही म्हणत, कारण काचेच्या आत ज्योत राहते आणि वाऱ्यानं विझत नाही. पहिले कंदील परदेशी होते. अमेरिकेतल्या डिट्झ कंपनीचे, जर्मनीतले. मग आपल्याच भागात एक मोठी गोष्ट घडली. कराडजवळ, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयानं, ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला. त्या कारखान्यामुळं वसलेल्या गावाला ओगलेवाडी म्हणतात. काच करणं तेव्हा सोपं नव्हतं. त्याआधी तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. लोकांनी एकेक पैसा देऊन उभा केलेल्या निधीतून तो १९०८ मध्ये सुरू झाला. या स्वदेशी धडपडीतूनच पुढं ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील तयार झाला आणि महाराष्ट्रभर घराघरांत टांगला गेला. आपल्यातल्या ज्या मैत्रिणी साठीच्या पुढं आहेत, त्यांना प्रभाकर म्हटलं की काच पुसायची राख आणि मऊ फडकं आठवेल.

कारण कंदील बाहेर गेला तरी त्याची सेवा बाईकडंच राहिली. रोज संध्याकाळी काच पुसायची, वात कातरायची, रॉकेल भरायचं. रेशनवर रॉकेल आलं की रांगेत उभं राहायचं. आणि एवढं करून तो कंदील रात्री कुठं जायचा? मालकाबरोबर पाण्याच्या पाळीला, भजनाला, तमाशाला, तालुक्याच्या वाटेला. घरात एकच कंदील असला तर तो बाहेर गेला की मागं चिमणी उरायची. परसाकडं जाणाऱ्या बायका एकमेकींना हाका मारून, चांदण्याच्या भरवशावर जायच्या. पोटात कळ आली तरी अंधार पडेपर्यंत दम धरायचा, आणि अंधार पडला की पायाखाली काय आहे ते दिसत नाही म्हणून भ्यायचं. दोन्हीकडून कोंडी.

आता आपल्या राधानगरीकडं येऊ. शाहू महाराजांनी आपल्या कन्या राधाबाई यांच्या नावानं हे गाव वसवलं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर धरणाचं काम हाती घेतलं. पैशाअभावी काम मध्येच थांबलं, आणि पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. धरणाच्या भिंतीमागं लक्ष्मी तलाव उभा राहिला, पायथ्याला वीजघर झालं. सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात ते बघायला आजही माणसं गर्दी करतात. म्हणजे वीज आपल्या दारात तयार होते. पण वीज तारेनं जाते, आणि तार घरापर्यंत, फार तर चौकापर्यंत येते. बांधावर, गोठ्यात, ओढ्याच्या वाटेवर, वाडीवरून वस्तीवर जायच्या पाणंदीत तार येत नाही. तिथं आजही स्वतःचा उजेड स्वतःच न्यावा लागतो. म्हणून घरात बटण दाबलं की दिवा लागतो, तरी हातातल्या दिव्याची गोष्ट संपत नाही.

हातातला विजेचा दिवा जगात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. त्याला आधी कोरडा सेल लागला. त्याआधीचे सेल म्हणजे काचेच्या भांड्यात द्रव. ते उलटं धरलं की संपलं. १८८६ मध्ये कार्ल गासनर या जर्मन माणसानं जस्ताच्या डबीत लगदा भरून न सांडणारा सेल केला. मग न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मिसेल यानं एका नळीत सेल, पुढं दिवा आणि मागं चकाकणारी वाटी अशी रचना केली. त्याचं पेटंट १० जानेवारी १८९९ रोजी मिळालं. ज्या कंपनीकडं ते गेलं, तीच पुढं एव्हरेडी या नावानं ओळखली गेली. पहिले नमुने त्यांनी न्यूयॉर्कच्या पोलिसांना वाटले. तेव्हाचे सेल दुबळे आणि दिव्यातली तार कार्बनची. सलग उजेड टिकत नसे. बटण दाबायचं, लखकन बघायचं, सोडायचं. म्हणून तिकडं त्याला फ्लॅशलाइट म्हणतात, लखकन चमकणारा दिवा.

भारतात एव्हरेडीचा माल १९०५ पासून विकला जाऊ लागला. पुढं सेल आणि बॅटऱ्या इथंच बनू लागल्या, अलाहाबादची जीप बॅटरी आली, आणि दोन सेलची, तीन सेलची पितळी किंवा चकचकीत पत्र्याची बॅटरी हे घरातल्या कर्त्या पुरुषाचं लक्षण झालं. हातात घड्याळ, काखेत छत्री आणि बॅटरी. लग्नात जावयाला बॅटरी देत. रात्री बांधावरून तिचा झोत फिरला की कोण आलं ते लांबूनच कळायचं. सेल उतरले की ते उन्हात वाळत घालायचे. त्यात खुळेपणा नव्हता. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते आणि दोन-चार रात्री आणखी निघतात. आणि अगदीच मेलेला सेल फोडून त्यातली काळी भुकटी शाळेत न्यायची, फळा काळा करायला. बॅटरीचं काही वाया जात नव्हतं. पण ती टांगलेली असायची पुरुषाच्या खुंटीला, आणि बाईनं ती घेतली तर 'सेल उतरतील' हे पहिलं वाक्य असायचं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. हे सेल आपल्या देशात बनवणारी कंपनी होती युनियन कार्बाइड इंडिया. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळला ज्या कारखान्यातून विषारी वायू फुटला, तो याच कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना. त्या रात्री हजारो माणसं अंधारात धावली. नंतर न्यायासाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर बसलेल्यांत बायका सगळ्यांत पुढं होत्या. १९९४ मध्ये कंपनीची मालकी बदलली आणि सेलचा धंदा पुढं चालू राहिला. वस्तू कितीही छोटी असो, तिच्यामागं कारखाना असतो आणि कारखान्याशेजारी वस्ती असते, हे आपण विसरू नये.

पुढचं पाऊल पडलं २००३ साली. नोकियाचा ११०० नावाचा फोन आला आणि त्याच्या डोक्यावर छोटी बॅटरी होती. खेड्यापाड्यांत हा फोन खपला त्यामागं त्या बॅटरीचा वाटा मोठा. हाक मारायची सोय आणि उजेड एकाच खिशात. पण खिसा कुणाचा? पुन्हा सदऱ्याचाच. घरात फोन एक असायचा आणि तो ज्याच्या खिशात, उजेडही त्याच्याच खिशात. आजही चित्र पुरतं बदललेलं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल आहे असं सांगणाऱ्या बायका देशात शंभरात ५४ निघाल्या. उरलेल्या ४६ जणींना 'मोबाइलची बॅटरी लाव की' हा सल्ला कसा द्यायचा?

आणि ज्यांच्याकडं फोन आहे त्यांनीही विचार करावा. आपल्याकडचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. फोंडा घाटाकडून दाजीपूरवर ढग चढले की चार महिने अंगावरचं वाळत नाही. ओल्या हातानं फोनचा पडदा चालत नाही. डोक्यावर वैरणीचा भारा असताना फोन पुढं धरता येत नाही. गोठ्यात शेणात पडला, संडासात पडला, तर महिन्याच्या कमाईला कात्री. आणि उजेडासाठी वापरून फोन मेला, तर नेमकी हाक मारायची वेळ आली की हातात नुसता डबा.

मग ही बोटाएवढी बॅटरी शक्य कशी झाली? तिचं उत्तर निळ्या रंगात आहे. एलईडी म्हणजे तार न तापवता उजेड देणारा बारीकसा तुकडा. लाल एलईडी १९६२ मध्येच आला होता. रेडिओवर, टेपवर तो लाल ठिपका आपण पाहिलाय. पण लाल ठिपक्यानं वाट दिसत नाही. पांढऱ्या उजेडासाठी आधी निळा हवा होता, आणि लखलखीत निळा एलईडी करायला १९९३ साल उजाडलं. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघा जपानी शास्त्रज्ञांच्या कित्येक वर्षांच्या खटपटीला त्यासाठी २०१४ चं नोबेल मिळालं. निळ्या तुकड्यावर पिवळसर लेप दिला की पांढरा उजेड पडतो. तुमच्या बॅटरीत डोकावून पाहा, बंद असताना मधला ठिपका हळदीसारखा पिवळा दिसतो तो याच लेपामुळं.

उजेड मोजायच्या मापाला ल्युमेन म्हणतात. जुनी दोन सेलची बॅटरी साधारण एक वॅट वीज खाऊन दहाच्या आसपास ल्युमेन द्यायची. बाकी सगळी वीज तार तापवण्यात जायची. आजचा चांगला एलईडी तेवढ्याच विजेत शंभरच्या आसपास देतो. दहापट फरक. म्हणून दोन मोठ्या सेलांचं काम एका बारक्या सेलवर होतं, आणि म्हणून उजेड खुंटीवरून उतरून किल्लीला लटकू शकतो.

आणि किल्ली कुणाची? इथं गंमत आहे. आपल्याकडं किल्ल्यांचा छल्ला बाईच्या कमरेचा. चांदीचा असो की लोखंडी कडीचा, घरच्या बाईच्या निरीला तो खोचलेला. सासूनं सुनेच्या हाती छल्ला दिला की घराचा कारभार दिला, असं सगळं गाव समजायचं. कोठीची किल्ली, पेटीची किल्ली, दाराची किल्ली बाईकडं होती. त्या किल्ल्यांनी घर उघडायचं, पण रात्रीची वाट उघडत नव्हती. आता त्याच छल्ल्यात उजेड अडकवता येतो. मागावा लागत नाही, खुंटीवरून काढावा लागत नाही, 'सेल उतरतील' हे ऐकावं लागत नाही. घराबाहेरचा, खास आपला, आपल्या कमरेचा असा हा पहिलाच दिवा. म्हणून तो घेताना दहा रुपयांचं खेळणं समजून घेऊ नका. साडी घेताना काठ, पोत, रंग चार वेळा बघतो, तेवढं तरी बघा.

पहिली गोष्ट, सेल कुठला. तीन तऱ्हा मिळतात. एक चपट्या बटण सेलची. वजनाला हलकी आणि स्वस्त, पण उजेड लवकर मंदावतो आणि तो सेल वाडीवरच्या दुकानात मिळेलच असं नाही. शिवाय त्यात मोठा धोका आहे. घरात रांगतं पोर असेल तर हा चपटा सेल त्याच्या तोंडात जाऊ शकतो. घशात अडकलेला बटण सेल दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजून काढतो. पोरानं गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. अशी बॅटरी घेतलीच, तर सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का ते बघा.

दुसरी तऱ्हा एका बारीक पेन्सिल सेलची, टीव्हीच्या रिमोटमध्ये जातो तो. आमच्या मते आपल्यासारख्या गावांना ही सगळ्यांत सोयीची. सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, वेळ पडली तर रिमोटमधला काढून घालता येतो, आणि मंद उजेडावर कैक तास चालतो. पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेलही मिळतात. एकच काळजी. बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. जुना सेल पाझरला की आतली पत्री गंजते आणि बॅटरी कायमची जाते.

तिसरी तऱ्हा मोबाइलच्या वायरीनं चार्ज होणारी. उजेड भरपूर आणि सेलचा खर्च नाही. पण पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसली तर ती मुकी होते, आणि आतला सेल थकला की बहुतेकदा बदलता येत नाही. वायर घालायच्या भोकाला रबराचं घट्ट झाकण आहे का ते बोट फिरवून बघा.

दुसरी गोष्ट, बटण. हे एका हातानं, अंगठ्यानं लागलं पाहिजे. काही बॅटऱ्यांचं तोंड पिळून दिवा लागतो, त्याला दोन हात लागतात. आपला एक हात कायम कशात तरी गुंतलेला असतो, पोर, घागर, दावं. पण बटण फार हलकंही नको, नाहीतर पिशवीत दाबून ती रात्रभर जळते आणि गरजेच्या वेळी अंधार. दुकानात डोळे मिटून, हात ओला करून बटण लावून बघा. दुकानदार हसला तर हसू दे.

तिसरी गोष्ट, उजेड किती. खोक्यावर मोठमोठे आकडे छापतात. त्यावर जाऊ नका. पायाखालची वाट दिसायला दहा-वीस ल्युमेन पुरतात. परड्याच्या टोकाला काय हललं ते बघायला शंभरभर असले तर बरं. म्हणून मंद आणि मोठा असे दोन उजेड असलेली बॅटरी निवडा, आणि बटण दाबल्यावर आधी मंद लागणारी असेल तर आणखी चांगलं. अंधाराला सरावलेले डोळे एकदम लखलखाटानं दिपतात आणि मग मिनिटभर काहीच दिसत नाही. झोतापेक्षा पसरट उजेड चालताना उपयोगी. लांबचा झाड दाखवून पायाजवळचं लपवणारा झोत आपल्या कामाचा नाही.

चौथी गोष्ट, पाणी. खोक्यावर आयपीएक्स असं लिहून पुढं आकडा असतो. चार म्हणजे उडणारे शिंतोडे चालतात. सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालते. राधानगरीत राहणारीनं सातकडं बघावं. आणि शेवटी कडी. बॅटरी कितीही चांगली असली आणि कडी पातळ तारेची असली, तर बॅटरी बांधावर आणि किल्ली घरी.

आता ती वापरायची कशी हेही सांगतो, कारण यात जीवाचा प्रश्न आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यांतली. घोणस वाटेवर पाचोळ्यासारखी पडून असते. मण्यार रात्रीच फिरते. शेतीपंपाला रात्रीची वीज असली की पाणी पाजायला रात्रीच जावं लागतं. दिवसा वीज द्या म्हणून २०२२ मध्ये कोल्हापुरात शेतकऱ्यांनी धरणं धरलं, त्यामागं हेच लांबड्याचं भय होतं. तेव्हा बॅटरी डोळ्याजवळ धरू नका. कमरेखाली, गुडघ्याच्या उंचीला धरा. उजेड खालून, आडवा गेला की दगडाची, खड्ड्याची, जनावराची सावली लांब पडते आणि वस्तू उठून दिसते. धुक्यातही हाच उपाय. डोळ्याजवळून मारलेला उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो, खालून मारलेला वाट दाखवतो. आणि अंधारात हात घालायच्या आधी उजेड घाला. सरपणाच्या ढिगात, वैरणीच्या गंजीत, कोंबड्यांच्या खुराड्यात.

आपण जंगलाच्या शेजारी राहतो, हेही ध्यानात असू द्या. दाजीपूरचं रान १९५८ मध्ये अभयारण्य झालं, आणि २०१२ मध्ये सह्याद्रीच्या इतर रानांबरोबर राधानगरी अभयारण्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. गवा वाटेत दिसला तर त्याच्या डोळ्यांवर उजेड रोखू नका, जागीच थांबून हळू मागं सरका. आणि मे सरता सरता झाडं काजव्यांनी लुकलुकायला लागतात, काजवा महोत्सवाला लांबलांबून माणसं येतात, तेव्हा आपली बॅटरी विझवून ठेवा. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे नराची मादीला हाक. आपल्या पांढऱ्या उजेडात ती हाक बुडते. वाट बघण्यापुरता उजेड हवाच असेल तर लाल कापड बांधून, जमिनीकडं धरून लावा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवू. छल्ल्याला बॅटरी आली म्हणून रस्त्यावरच्या दिव्याची गरज संपत नाही. आपल्या घरपट्टीच्या पावतीवर 'दिवाबत्ती कर' असा रकाना असतो. तो आपण भरतो. गावात दिवाबत्ती करणं हे ग्रामपंचायतीचं काम आहे. बंद पडलेला खांब महिनोन् महिने बंद राहिला, संडासाच्या वाटेवर, शाळेच्या वळणावर, बस थांब्यावर अंधार राहिला, तर ग्रामसभेत उठून बोला. 'प्रत्येकीनं बॅटरी घ्या' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. हातातला दिवा आपला, खांबावरचा दिवा सगळ्यांचा, आणि दोन्ही हवेत.

आषाढात दिव्याची अवस येते. त्या दिवसाची कहाणी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. सुनेवर खोटा आळ येतो, घरचे तिला बाहेर काढतात. पण ती रोज दिवे घासायची, वाती लावायची, म्हणून रात्री झाडावर जमलेल्या दिव्यांच्या सभेत तिच्या घरचा दिवा खरं काय ते सांगतो, राजा ते ऐकतो आणि ती मानानं घरी परतते. माणसांनी ऐकलं नाही, तेव्हा तिच्या बाजूनं दिवा बोलला. यंदा अवसेला समया, निरांजनं, माळ्यावरचा प्रभाकर कंदील असेल तर तो, सगळं घासून पाटावर मांडाल, तेव्हा छल्ल्यातली बॅटरीही पुसा. सेल काढून आतली पत्री कोरडी करा, बटण लावून बघा आणि तीही त्या रांगेत ठेवा. बाकीच्या दिव्यांनी आपलं घर उजळलं. हा दिवा आपल्याला घराबाहेर नेतो आणि परत आणतो, त्याचाही मान त्या पाटावर आहे.

बरंय तर. रात्री बाहेर पडाल तेव्हा उजेड खाली धरा, नजर पुढं ठेवा. नमस्कार.